तुमच्या आधी काय दळलं?

चिंचवडच्या एका वाचक भगिनीने पत्रातून विचारलं आहे : मुलीला सिलिॲक हा आतड्याचा आजार असल्याचं निदान झालं, डॉक्टरांनी गहू जन्मभर बंद सांगितला, आता वाणसामानाची खात्रीची यादी कुठे मिळेल? त्यांना मिळालेल्या याद्या परदेशी होत्या. किन्वा, बदामाचं पीठ आणि आपल्याकडे न मिळणारे पाव.

आपली यादी त्याहून सोपी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, साबुदाणा, सगळ्या डाळी. यातल्या कशातच मुळात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं बाधणारं प्रथिन, नाही. ते शिरतं दुकानातल्या पोत्यांत, आणि त्याहून जास्त गिरणीत.

एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ छापायचं तर किलोमागे ग्लूटेन 20 मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहावा हिस्सा ग्लूटेन धरा. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात गव्हाचं पाव ग्रॅम पीठ मिसळलं की मर्यादा ओलांडली. गव्हाचं दळण उतरल्यावर जात्याच्या टाक्यांत आणि पीठ पडतं त्या कापडी नळीत याहून कितीतरी जास्त पीठ चिकटून राहतं. इटलीत कार्लो कतासी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवलं, की रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेनही तीन महिन्यांत सिलिॲक रुग्णाच्या आतड्याचं अस्तर बिघडवायला पुरतं. म्हणजे रोजचं जेमतेम अर्धा ग्रॅम पीठ!

दोषी गहूच, हे ज्याने शोधलं त्या विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाची गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, लोकांनी ट्युलिपचे कंद खाल्ले, पाव मिळेना. तेव्हा सिलिॲकची मुलं सुधारली, पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली, अशी ती गोष्ट. प्रसंग खरा आहे. पण डिके त्याच्या कितीतरी आधीपासून हेगच्या बालरुग्णालयात मुलांना गहू बंद करून पाहत होता, आणि 1941 मध्येच त्याने त्या आहारावर लेख लिहिला होता. शोध लावला तो वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाने. दुष्काळाने त्याला दुजोरा दिला. त्याच्याइतकंच श्रेय यान फान द कामर या रसायनशास्त्रज्ञाला द्यायला हवं, आणि तो तर कुणाला आठवतही नाही. मुलांच्या विष्ठेतली चरबी अचूक मोजायची पद्धत त्याने बसवली. अत्यंत किळसवाणं, कष्टाचं काम! कोणतं पीठ दिल्यावर किती चरबी न पचता बाहेर पडते, हे त्यामुळे आकड्यांत दिसू लागलं. गहू आणि राय दोषी ठरले, तांदूळ आणि मका सुटले. गव्हाचं नुसतं स्टार्चही निर्दोष निघालं. उरलं ते प्रथिन, म्हणजेच ग्लूटेन.

हा आजार पाश्चात्त्यांचा, असा समज आपल्याकडे बरीच वर्षं होता. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत उत्तरेकडे शंभरात एकाहून जास्त, तर दक्षिणेकडे हजारात एक असं प्रमाण आढळलं. जनुकांतला फरक एवढा मोठा नव्हता. खाण्यातल्या गव्हात मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. भोसरी-चाकणच्या कारखान्यांमागे उत्तरेतून आलेली कुटुंबं आणि रोज चपाती देणारी कँटीनं पाहता, इथल्या डॉक्टरांनी जुनाट जुलाब, न वाढणारं मूल आणि औषधांना दाद न देणारा ॲनिमिया यांमागे सिलिॲक नाही ना, हे तपासायलाच हवं.

आता दुकानात जाऊ. सध्या खपली गव्हाचा फार बोलबाला आहे, आणि ‘ग्लूटेनचा त्रास असणाऱ्यांनाही चालतो’ असं बिनदिक्कत सांगितलं जातं. सिलिॲक रुग्णासाठी हे साफ खोटं आणि घातक आहे. खपली हा गहूच आहे. त्यात ग्लूटेन आहे. रवा, शेवया, दलिया वर्ज्य हे लगेच कळतं. हिंग मात्र फसवतो. डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो शोधावा. मेतकूट, सातूचं पीठ आणि थालीपिठाची भाजणी यांत गहू असतो किंवा असू शकतो. माल्ट म्हणजे बहुधा जवाचा अर्क, आणि जवातही ग्लूटेन असतं; सोया सॉसमध्येही गहू येतो. शाकाहाराच्या हिरव्या खुणेचा ग्लूटेनशी काही संबंध नाही; घटकांची यादी आणि ‘कंटेन्स व्हीट’ हीच ओळ वाचायची. सुटं पीठ तर घ्यायचंच नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे घरघंटी, आणि तिच्यात गहू कधीच नाही. धान्य निवडून, धुऊन, वाळवून घ्यावं, कारण ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात. घरघंटी सगळ्यांना परवडत नाही, म्हणून गिरणीवाल्यांना कळकळीची विनंती : उपवासाचं दळण तुम्ही वेगळं काढता, त्या दळणात गहू जाऊ देत नाही. तेच सोवळं या मुलांसाठी पाळा, आणि शक्य असेल तर एक जातं कायमचं बिनगव्हाचं ठेवा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना एक सांगायचं राहिलं. मुलीची सख्खी भावंडं आणि तुम्ही दोघं, सगळ्यांनी डॉक्टरांना विचारून टीटीजी ही रक्तचाचणी करून घ्या. जवळच्या नात्यात हा आजार जास्त आढळतो. चाचणी होईपर्यंत भावंडांचा आणि तुमचा गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर केलेली चाचणी आजार असूनही नॉर्मल येऊ शकते.