श्वासाची जागल

आश्विन पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी भूतलावर उतरते आणि ‘को जागर्ति?’, कोण जागे आहे, असे विचारीत दारोदार फिरते, अशी आपल्याकडील श्रद्धा. तिच्या स्वागतासाठी गच्च्यांवर आणि अंगणांत माणसे जमतात, केशर-वेलदोडा घातलेले आटीव दूध चांदण्यात ठेवतात, गाण्यागप्पांत रात्र सरते. वर्षातून एक रात्र हौसेने जागण्यात मौज आहे. परंतु ज्या घरातील लहानग्याला दम्याचा तीव्र विकार जडला आहे, त्या घराला जागरणासाठी पौर्णिमेची वाट पाहावी लागत नाही.

पहाटे तीन-चारच्या सुमारास माणसाच्या श्वासनलिका स्वभावतःच किंचित आकुंचन पावतात. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. दमेकरी मुलाच्या मात्र नेमक्या त्याच वेळी जिवावर बेतते. प्रथम कोरडा खोकला, मग छातीतून येणारी बारीक शिट्टी. आई त्या आवाजाने जितक्या चटकन जागी होते तितकी ती गजराच्या घड्याळानेही होत नाही. मूल उठून बसते, गुडघ्यांवर हात टेकून पुढे झुकते. वडील दिवा लावून त्याच्या बरगड्यांकडे पाहतात. शेजारच्या अंथरुणावरची थोरली बहीण डोळे मिटून पडलेली असते. पण तीही जागीच असते. आजार एकाचा असला, तरी जागल साऱ्या घराची असते.

हे दुखणे आपल्याला नवे नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील ‘तमक श्वास’ म्हणजे आपण ज्याला दमा म्हणतो तोच. अशा रोग्याला आडवे होता येत नाही, बसल्याने बरे वाटते, मेघ व थंडी यांनी त्रास वाढतो, हे त्या ग्रंथकाराने बारकाईने टिपले आहे. श्वासरोगाच्या कारणांत त्याने धूळ आणि धूर यांनाही स्थान दिले आहे.

नेमकी हीच दोन कारणे आपल्या सणासुदीत घराघरांत अवतरतात. पाऊस सरलेला, भिंतींना बुरशीची ओल, रानात गवत फुलावर आलेले, पहाटे दव. त्यातच दिवाळीची झाडलोट निघते. माळे उतरतात, गाद्या झटकल्या जातात, भिंतींना रंग लागतो. पुढे फटाक्यांचा धूर आहेच. २०१५ साली दिल्लीतील तीन तान्ह्या बालकांच्या वतीने त्यांच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयाकडे स्वच्छ हवेचा हक्क मागितला आणि त्या प्रकरणातून २०१८ साली फटाक्यांवर देशव्यापी निर्बंध आले. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आपल्या वाड्यातील वा इमारतीतील मुलासाठी शेजाऱ्याने दोन लवंगी माळा कमी लावणे हे आपले काम. मूल बाहेर असताना झाडलोट उरकावी, ओल्या फडक्याने धूळ टिपावी, उशांचे अभ्रे व चादरी कढत पाण्यात धुवाव्यात. ऊद-धूप टाळून नुसते निरांजन लावल्याने पूजेत काही उणे पडत नाही.

अशा घराला आणखी एक ओझे वाहावे लागते, ते लोकांच्या सल्ल्याचे. केळे देऊ नका, दही बंद करा, अमक्या गावी जा. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, आणि आशेने आईबाप मुलाला रात्रभर जागवून ते देतातही. त्यांच्या श्रद्धेला हसणाऱ्याने मुलाच्या उशाशी एक रात्र काढून पाहावी. मात्र प्रसाद म्हणून खीर घेणे वेगळे आणि तिच्या भरवशावर रोजचे औषध थांबविणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीने मूल दगावू शकते.

या औषधाचा इतिहासही एका बापलेकीचाच आहे. १९५५ साली अमेरिकेतील रायकर या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या १३ वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारले, की केसांवर मारावयाच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळत नाही? पुढच्याच वर्षी मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. १९७२ साली इंग्लंडात श्वासनलिकांची सूज उतरविणारे स्टेरॉइडही पंपातून मिळू लागले. आवळलेली नलिका तत्काळ मोकळी करणारे औषध आणि सूज रोजच्या रोज काबूत ठेवणारे औषध, ही दोन कामे भिन्न आहेत. पहिल्याने आजची रात्र निभावते. पुढील रात्री शांत जाव्यात यासाठी दुसरे हवे. पंपातील मात्रा गोळीच्या मानाने फार थोडी असते व ती थेट फुप्फुसात पोहोचते. लहान मुलाला ती स्पेसर लावून द्यावी व नंतर चूळ भरवावी.

असे असूनही ‘पंपाची सवय लागते’ या भयाने तो कपाटात दडविला जातो. मुलगी असेल तर तिच्या लग्नाच्या काळजीने अधिकच. मूल जरा बरे दिसले, की रोजचे औषध सुटते आणि पुन्हा रात्री धाप लागते. लपविलेल्या आजारावर शाळेतील गुरुजींना किंवा सणाला आलेल्या मावशीला कसा इलाज करता येणार? त्यापेक्षा डॉक्टरांकडून सारे कागदावर लिहून घेऊन तो कागद स्वयंपाकघरात सर्वांना दिसेल असा लावावा. एक वाक्य सलग बोलता न येणे, बरगड्यांमधील कातडी आत ओढली जाणे, ओठ निळसर पडणे, ही चिन्हे दिसताच पंप देत देत तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि घरातील दुसऱ्या मुलासाठीही आईने दिवसातील थोडा वेळ राखावा. त्याने समजूतदारपणा न मागता दाखविलेला असतो.

कोजागरीला आपल्याकडे ज्येष्ठ अपत्याला ओवाळून त्याची आश्विनी साजरी करतात. दमेकरी मूल थोरले असो वा धाकटे, यंदा त्यालाही त्या पाटावर बसवावे. बाधत असल्याचा अनुभव नसेल, तर आटीव दुधाचा पेला त्याच्याही हाती द्यावा, अंगात उबदार कपडे घालून घटकाभर गच्चीवर न्यावे, आणि निजण्यापूर्वी त्याचे रोजचे औषध न विसरता द्यावे. त्या मुलाला सकाळपर्यंत गाढ झोप लागो आणि त्याच्या आईलाही लागो. तिच्या वर्षभराच्या जागरणाची नोंद लक्ष्मीकडे असेलच.