लाबानाची चाकरी

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण चर्चच्या ओसरीवर येऊन बसला. (पापनिवेदनात ऐकलेले या पानावर कदापि यावयाचे नाही; हे त्याने ओसरीवर सांगितले, व लिहिण्यास अनुमती दिली.) तो एका पेढीत हिशेबनीस आहे. साहेब चारचौघांत त्याची टवाळी करीत, स्वतःची चूक त्याच्या माथी मारीत, आणि दुसऱ्या दिवशी चहा पाजून ‘तू मला मुलासारखा’ असे म्हणत. रविवारची संध्याकाळ झाली की त्याच्या पोटात गोळा उठे. आम्ही त्याला म्हणालो, ‘बाळ, सहन कर, हा तुझा क्रूस आहे.’ तो मुकाट्याने उठून गेला. आमचेच शब्द आम्हांस पुढे कित्येक रात्री टोचत राहिले.

अखेर आम्ही उत्पत्तीच्या पुस्तकातील लाबानाचे प्रकरण पुन्हा उघडले. भाचा याकोब दारी आला तेव्हा लाबानाने धावत जाऊन त्याला कवटाळले. सात वर्षांच्या चाकरीनंतर राहेलीऐवजी लेआ त्याच्या पदरी घातली, आणि जाब विचारताच आमच्या देशाची रीतच अशी, म्हणून हात झटकले. पुढे ठिपकेदार मेंढरे याकोबाचे वेतन ठरताच तसली सारी जनावरे त्याच दिवशी वेगळी काढून पुत्रांच्या हाती तीन दिवसांच्या वाटेवर धाडली. वीस वर्षांत वेतन दहा वेळा फिरविले. मधून मधून मात्र तुझ्यामुळेच मला बरकत आली, अशी गोड कबुलीही दिली.

पॉल्हस व विल्यम्स या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली ‘काळे त्रिकूट’ वर्णिले: दुसऱ्याला प्यादे समजणारी कारस्थानी वृत्ती, आत्मप्रौढी आणि निर्ढावलेले काळीज. ही लक्षणे वेड्यांच्या इस्पितळातील नव्हेत. आपल्यासारख्या हिंडत्याफिरत्या माणसांत ती कमीअधिक आढळतात. तथापि कडक शिस्तीच्या प्रत्येक वरिष्ठावर हा शिक्का मारणे अन्याय होईल. अमेरिकेतील बेनेट टेपर यांनी २००० साली वरिष्ठांच्या छळाची व्याख्या केली, तीत सातत्यावर भर आहे. एके दिवशीचा संताप निराळा, रोजचा पाणउतारा निराळा.

आणि याकोब? तोही लबाडी शिकला. सोललेल्या फांद्यांची युक्ती लढवून त्याने सशक्त जनावरे आपल्याकडे वळविली, आणि शेवटी न सांगता पळाला. छळाचे हे विष खाली झिरपते.

आम्ही त्या तरुणास बोलावून प्रथम आमच्या उत्तराची क्षमा मागितली. तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, ‘फादर, मीही हल्ली शिपायावर तसाच ओरडतो. परवा माझी चूक त्याच्यावर ढकलली.’

क्रूस स्वेच्छेने उचलावयाचा असतो. दुसऱ्याच्या पापाला झाकण म्हणून तो कोणाच्या खांद्यावर ठेवता येत नाही. याकोब व लाबान यांनी शेवटी दगडांची रास रचून हद्द ठरविली, की वाईट हेतूने कोणी ती ओलांडू नये. आम्ही त्या तरुणास म्हणालो: घडेल ते तारीखवार लिहून ठेव, हुकूम लेखी माग, साहेबांच्या वरच्या अधिकाऱ्याला भेट, तेथेही दाद न लागल्यास ती नोकरी सोडण्यात पाप नाही.

शिपायाची त्याने क्षमा मागितली आहे. वरच्या अधिकाऱ्याने अर्ज ठेवून घेतला, पुढे काही हालचाल नाही. दुसऱ्या कामाचा शोध चालू आहे. वाचकांपैकी कोणास विश्वासू हिशेबनीस हवा असल्यास आमच्याकडे चिठ्ठी धाडावी.