दारू न पिताही यकृतात चरबी?

स्कॅनमध्ये माझ्या यकृतात चरबी दिसली आणि मी ओशाळले. शाब्बाथला मनुकांचे सरबत, एरवी दारूचा थेंब नाही! पण कारण फक्त दारूच नसते. आतड्यांतले रक्त थेट यकृतात जाते. तिथल्या जंतूंनी बनवलेले पदार्थही सोबत नेते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील व इतर संशोधकांनी २०१८ साली दाखवले, की यकृतात चरबी असलेल्या स्थूल स्त्रियांच्या आतड्यांत जंतूंची विविधता कमी होती. जंतू बनवतात ते फेनिलअॅसेटिक आम्ल उंदरांना दिल्यावर त्यांच्याही यकृतात चरबी साठली. तेव्हा लाजून आजार लपवू नका. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवा, रोज चाला. कडधान्ये, पालेभाज्या खा, गोड आवरा. जंतूंच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या.