चिखल चुकवू नका

ऑकलंड : न्यूझीलंडला राहतो म्हटलं की पुण्या-नाशिकची मंडळी म्हणतात, "मजा आहे, मोकळं रान आहे तुम्हाला!" मोकळं कसलं? ऑकलंडजवळच्या वाईताकेरे डोंगरात शिरायचं तर आधी बूट घासावे लागतात. गेल्या वर्षी काका आले होते, तीस वर्षं सह्याद्री तुडवलेले. "अरे, रानातून आल्यावर बूट धुतात, जाताना कसले?" मी काही न बोलता वर बोट दाखवलं. वाळून पांढरं पडलेलं कौरीचं झाड उभं होतं. काकांनी निमूटपणे ब्रशवर बुटांचे तळ घासले, जंतुनाशक मारलं, खाचेतला खडाही काडीने उकरून काढला.

कौरी शेकडो वर्षं जगते, पण तिची बारीक मुळं मातीच्या अगदी वरच्या थरात असतात. ती कुजवणारा रोग बुटाला चिकटलेल्या चिमूटभर मातीतून पसरतो. म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये इथल्या ते कावेराऊ आ माकी या माओरी जमातीने या जंगलावर राहुई, म्हणजे परंपरागत बंदी, घातली. मे २०१८ मध्ये नगरपालिकेनेही जंगल बंद केलं. लोक चिडले, पण पुढे वाटा एकेक करून नव्याने बांधून उघडल्या: चिखलाच्या जागी खडी, मुळांवरून लाकडी फळ्या.

दक्षिण बेटावरची ५५ किलोमीटरची पापारोआ वाट तर पायी जाणारे आणि सायकलवाले, दोघांसाठी मुद्दाम आखलेली. अशा वाटांचं मर्म एकच : पाण्याला वाट ओलांडू द्यायची, वाटेवरून चालू द्यायचं नाही. म्हणून वाट दरीकडे किंचित कललेली ठेवतात.

आणि आपली खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडाला जाणारी वाट? पावसाळ्यात तिचा ओहोळ होतो. बूट भिजू नयेत म्हणून प्रत्येक जण कडेच्या गवतावर पाय देतो, की एका वाटेच्या चार होतात. कास पठारावरची फुलं अशाच पायांखाली गेली. वाट बांधा म्हटलं की कुठे सिमेंटच्या पायऱ्या येतात, कुठे जेसीबी. मला याचा राग येतो, कारण माणसांची वाण नाही. रविवारी गडावरच्या टाक्यांतला गाळ उपसणारी आपली पोरं इथल्या कुणाहून कमी राबत नाहीत. त्याच पोरांनी दोन रविवार वाटेवरचं पाणी बाजूला काढणाऱ्या चरांना द्यावेत.

तोवर एवढं करा : येत्या पावसाळ्यात चिखल लागला तर कडेने जाऊ नका, सरळ चिखलातून चाला. बूट घरी येऊन धुता येतात.