शहरचा ओला कचरा व आमची जमीन

पुणें शहरांतील ओला कचरा शहरवासीयांस घाण वाटतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें शेतांतून गेलेलेंच धन होय. भाजीचे देठ, फळांच्या साली व उष्टें अन्न यांबरोबर आमच्याच जमिनीचा कस शहरांत जातो. तो शेतास परत न मिळतां उरुळी देवाची व फुरसुंगी येथें वर्षानुवर्षें ढिगांत पडला व विहिरींचें पाणी मात्र नासलें.

यास उपाय आहे. सन १९९३ मध्यें पुण्यांतील कचरावेचकांनीं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापिली. तिच्यांतूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली व २००८ सालीं महापालिकेशीं करार करून तिचे सभासद घरोघर ओला व सुका कचरा निराळा घेऊं लागले. पुण्याच्याच ‘आरती’ संस्थेच्या खरकट्यावर चालणाऱ्या गॅससंयंत्रास २००६ सालीं इंग्लंडांतील ॲश्डेन पारितोषिक मिळालें. शेण हें जनावरानें पचवून उरलेलें असतें. शिळ्या भातांतील पिष्ट अखंड असतें, म्हणून वजनास वजन धरतां त्यापासून गॅस पुष्कळ अधिक निघतो. उरलेली रबडी खतास उपयोगी पडते.

आमची हयात सातबारे लिहिण्यांत गेली. त्यांत पिकास रकाना आहे, गेलेल्या कसास नाहीं. तो हिशेब शेतकऱ्यानेंच ठेवावा. शहरी खत घेतांना धातूंच्या तपासणीचा दाखला मागावा व पाटीभर खत चाळून पाहावें. काच अगर प्लॅस्टिक निघाल्यास तें कितीही स्वस्त असो, परत पाठवावें. जमिनींत गेलेली काच पुढें दर खुरपणीस मजुरांच्या हातापायांत भरते.