एक पत्ता, अनेक दुकाने

सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. नाव देशभर गाजलेले, पण त्यामागे यंत्रमागांचे असंख्य छोटे कारखाने आहेत. शेंगाचटणी आणि कडक भाकरी विकणाऱ्या घरगुती उद्योगांचेही तसेच. आपल्या नावाची वेबसाइट अशा प्रत्येकाला हवी असते, मात्र त्यासाठी स्वतंत्र सर्व्हर घेणे छोट्या धंद्याला परवडत नाही. भाड्याच्या एकाच सर्व्हरवर अनेक वेबसाइट सुखाने नांदवणारी यंत्रणा म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी.

तिची गरज का पडते? सर्व्हरच्या आयपी पत्त्यावर 0 ते 65535 अशा क्रमांकांचे पोर्ट असतात. वेगळे काही सांगितले नाही, तर ब्राउझर साध्या जोडणीसाठी 80 आणि सुरक्षित जोडणीसाठी 443 याच पोर्टवर येतो. एका पत्त्यावरचे एक पोर्ट साधारणपणे एकाच प्रोग्रामला मिळते. समजा, चादरींच्या साइटसाठी अपाचे या वेबसाइट चालवणाऱ्या प्रोग्रामने 80 आधीच घेतले आहे आणि चटणीच्या साइटसाठी कोणी एन्जिनएक्स हा तसाच दुसरा प्रोग्रामही त्याच पोर्टवर सुरू करू पाहिले. सर्व्हरची लिनक्स कार्यप्रणाली लगेच नकार देते: ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’, म्हणजे पत्ता आधीच वापरात आहे.

दुसरी साइट 8081 वर हलवली की तंटा मिटल्यासारखा वाटतो. पण मग गिऱ्हाइकाला नावापुढे तो क्रमांकही टाकावा लागतो. तो कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि काही कार्यालयांच्या नेटवर्कवर असे पोर्ट बंदच असतात.

खरा तोडगा जुना आहे. सुरुवातीच्या वेबमध्ये ब्राउझर फक्त कोणते पान हवे ते सांगे, कोणत्या साइटचे ते सांगत नसे. त्यामुळे प्रत्येक साइटला वेगळा आयपी पत्ता लागे. जानेवारी 1997 मध्ये ब्राउझर आणि सर्व्हरच्या संवादाचे एचटीटीपी 1.1 हे मानक आले आणि प्रत्येक विनंतीत साइटचे नाव, म्हणजे ‘होस्ट’, देणे सक्तीचे झाले. सुरक्षित जोडणीत मात्र अडचण उरली: नाव कळण्याआधीच सर्व्हरला त्या साइटच्या ओळखीचे प्रमाणपत्र दाखवावे लागे. 2003 मध्ये आलेल्या ‘सर्व्हर नेम इंडिकेशन’ने जोडणीच्या पहिल्याच निरोपात नाव पाठवायची सोय केली. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती कळत नसल्याने ती सर्वत्र रुळायला बरीच वर्षे गेली. फेब्रुवारी 2011 मध्ये जागतिक पातळीवर वाटायचे आयपीव्ही 4 पत्ते संपले, आणि पत्ता वाटून घेणे अपरिहार्य झाले.

इगोर सिसोएव्ह यांनी 2004 मध्ये खुले केलेले एन्जिनएक्स आज रिव्हर्स प्रॉक्सीचे हे काम सर्रास करते. मालधक्क्यावरचा मुकादम गठ्ठ्यावरचे नाव वाचून तो ज्या त्या पेढीकडे धाडतो, तसेच हे. 80 आणि 443 फक्त प्रॉक्सीकडे राहतात. मागे चादरींची साइट 3001 वर आणि चटणीची 3002 वर चालते. हे पोर्ट सर्व्हरच्या आतच, 127.0.0.1 या पत्त्यावर ठेवायचे, म्हणजे बाहेरून कोणी थेट तिथे पोहोचत नाही.

पोर्टवरून तंटा झालाच, तर आधी पोर्ट कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे. लिनक्सवर ‘एसएस’ ही आज्ञा योग्य पर्यायांसह दिली की प्रोग्रामचे नाव दाखवते. बऱ्याचदा आधीपासून बसवलेले अपाचे, न थांबलेली जुनी प्रक्रिया किंवा डॉकरने वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवून विसरलेला प्रोग्राम सापडतो. ओळख पटवल्याशिवाय काहीही बंद करू नये. ती कोणाची तरी चालू साइट असू शकते. एन्जिनएक्सची मांडणी बदलली, तर लागू करण्याआधी ती तपासून घ्यावी. प्रॉक्सी कोलमडली तर सगळ्याच साइट एकदम बंद पडतात.

सोलापुरात साइट उभारून देणाऱ्या तरुणांनी प्रत्येक सर्व्हरची पोर्टवही ठेवावी: कोणता क्रमांक, कोणती साइट, कधीपासून. एवढी शिस्त पाळली तर चार यंत्रमागांचा कारखानदारही मोठ्या कंपनीइतक्याच सन्मानाने, स्वतःच्या नावाने गिऱ्हाइकासमोर उभा राहतो. नाव हीच ज्याची पुंजी, त्याच्यासाठी ही व्यवस्था नीट शिकून घेणे मोलाचे आहे.