गहू, दूध, अंडे वगळून केलेले वॉफल

वैद्यकीय संघटनेच्या स्मरणिकेत पाककृती कशाला, असा प्रश्न काही सहकाऱ्यांच्या मनात येईल. पण सिलिॲक या आजाराचे औषध अजून तरी औषधांच्या दुकानात मिळत नाही. ते घरच्या स्वयंपाकघरातच तयार होते. गहू, सातू आणि राय नावाचे युरोपीय धान्य (आपली फोडणीची राई नव्हे) आयुष्यभर वर्ज्य, एवढीच त्याची चिकित्सा. आपण चिठ्ठीवर दोन शब्द लिहून मोकळे होतो आणि पुढची सारी चिकित्सा त्या घरातील आई किंवा आजी करीत असते. तेव्हा तिच्या ओट्यापाशी आपणही घटकाभर उभे राहण्यास हरकत नसावी.

त्यातून आपण राहतो माळव्यात. इथे गव्हावाचून पान हलत नाही. दालबाफले गव्हाचे, कचोरी आणि जिलबी मैद्याची, आणि पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहिलेल्या मराठी घरांतही रोजची पोळी गव्हाचीच. सकाळचे पोहे तेवढे निर्धोक म्हणावेत, तर त्यांवर पडणाऱ्या शेवेत हिंग असतो आणि डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. खपली गहू ‘जुना, देशी’ म्हणून या मुलांना चालतो, अशी एक समजूत अलीकडे फार पसरली आहे. ती सपशेल चुकीची आहे. खपलीतही ग्लुटेन आहे आणि बाफल्यांच्या कठिया गव्हातही आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलीचे निदान होऊन वर्ष उलटले होते. घरी पथ्य कडक. तरीही रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांचे प्रमाण म्हणावे तसे उतरेना, उंचीही रेंगाळलेली. हळूहळू उलगडा झाला. वर्गातल्या मैत्रिणींच्या वाढदिवसांना ती इतरांच्या बरोबरीने केक आणि वॉफल खात होती, कारण ‘हिला काही देऊ नका हं, ही आजारी असते’ हे वाक्य तिला ऐकायचे नव्हते. पथ्य मोडण्याचे हेच सर्वांत मोठे कारण मी आजवर पाहिले आहे. जिभेचे चोचले त्यानंतर येतात. अशा मुलांना उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही. मैत्रिणींच्या ताटात जे आहे ते यांच्याही ताटात असले, की पथ्य टिकते.

तिच्या आईपुढे मात्र तिहेरी अडचण होती. गहू आजाराने वर्ज्य, अंडे घरच्या रिवाजाने वर्ज्य, आणि दूध घेतले की मुलीचे पोट फुगे. हे तिसरे पथ्य बहुधा तात्पुरते असते. ग्लुटेनमुळे लहान आतड्यातील रसांकुर झडतात आणि दुधातील साखर पचविणारे लॅक्टेज त्यांच्याच टोकांवर असते. गहू खरोखर सुटला, रसांकुर पुन्हा उभे राहिले, की काही आठवड्यांत वा महिन्यांत दूध सोसू लागते. तोवर मात्र बाहेरचे ‘एगलेस’ वॉफल तिच्या कामाचे नाही. त्यात अंडे नसले तरी मैदा असतो आणि बहुधा दुधाची भुकटीही.

या आजाराचे वर्णन लंडनच्या सॅम्युएल जी यांनी १८८८ मध्ये केले आणि रोगी बरा झालाच तर तो आहारानेच होईल, हेही तेव्हाच लिहून ठेवले. पण दोषी अन्न कोणते, हे सिद्ध करण्याचे श्रेय विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांचे. गव्हाविषयीचा संशय त्यांना आधीच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव दुर्मीळ झाला, तेव्हा ही मुले सुधारलेली दिसली आणि पाव परतताच पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला. आपल्या शाखेतील माणसाने आजाराचे मूळ ताटात शोधले, याचा मला थोडा अभिमानही वाटतो.

आता वॉफलच का? पोळी ग्लुटेनशिवाय लाटणे जिकिरीचे, कारण तिचा सारा ताण त्या चिवट जाळ्यावरच असतो. वॉफलचे पीठ ओतायचे असते आणि त्याला दोन्ही बाजूंनी तापलेला साचा आधार देतो. किंबहुना ग्लुटेन जास्त झाले तर वॉफल चामट होते. खुसखुशीतपणा येतो तो पिष्टाने आणि पाण्याची वाफ निघून गेल्याने, आणि त्या बाबतीत तांदळाला तोड नाही. ‘मग आमचे घावन काय वाईट?’ असे एखादी आजी विचारील. मुळीच वाईट नाही. वॉफल म्हणजे चौकटीचा अंगरखा घातलेले जाडसर घावनच. पण नऊ वर्षांच्या मुलीला त्या चौकटीच हव्या असतात.

साच्याविषयी एक गोष्ट निक्षून सांगते. घरात ज्या साच्यात मैद्याचे वॉफल झाले असेल, तो या मुलांसाठी वापरू नये. खाचांत अडकलेला चुरा घासून जात नाही. सिलिॲकच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यास आतड्याला इजा होते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात दिसले. एवढे ग्लुटेन सुमारे अर्धा ग्रॅम कणकेत, म्हणजे चिमूटभरातच, असते. चक्कीवरही तीच गत. गव्हाच्या पाठोपाठ दळलेली ज्वारी ‘ग्लुटेनमुक्त’ राहत नाही. धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरवर किंवा वेगळ्या घरघंटीवर दळावे.

कृती अशी. दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा मोठे चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवावी. तिचा बुळबुळीत चिक अंड्याच्या बंधाचे काम करतो. तांदळाची पिठी १५० ग्रॅम, ज्वारीचे पीठ ६० ग्रॅम, मक्याचे पिष्ट ३० ग्रॅम, ग्लुटेनमुक्त असल्याची खात्री केलेली बेकिंग पावडर दोन लहान चमचे, एक मोठा चमचा साखर आणि चवीपुरते मीठ कोरडेच एकत्र चाळावे. नुसती पिठीही चालेल, पण ज्वारीने तंतू आणि चव दोन्ही येतात. त्यात ३०० मिलिलिटर सोयाबीनचे दूध, चार मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि भिजलेले जवस घालून इडलीच्या पिठाइतके सैल करावे व पंधरा मिनिटे ठेवावे. तांदूळ पाणी सावकाश पितो. फार पातळ वाटल्यास लहान अर्धा चमचा इसबगोल पुरे. त्याहून अधिक घातल्यास वॉफल रबरासारखे होते.

सोयाबीन आपल्या माळव्याचेच. रात्रभर भिजवून, टरफले काढून, सातपट पाण्यात वाटून गाळावे आणि दूध किमान दहा-पंधरा मिनिटे उकळावे. कच्च्या सोयाबीनमधील प्रथिनांचे पचन रोखणारे द्रव्य त्याशिवाय निष्प्रभ होत नाही. त्यातील प्रथिनांमुळे वॉफलला तांबूस रंग येतो. मात्र हे घरगुती दूध एक वर्षाच्या आतील बाळाला दुधाच्या जागी कधीही देऊ नये. त्यात कॅल्शियम अल्प आणि बी-१२ नाहीच. ज्या घरांनी स्वेच्छेने व्हीगन आहार स्वीकारला आहे, तेथील मुलांना बी-१२ स्वतंत्रपणे द्यावेच लागते. आणि सहकाऱ्यांना एक विनंती : संशय आल्यावर आधी टीटीजी आणि गरजेप्रमाणे बायोप्सी, मगच गहू बंद. आधी गहू सोडला, तर निदान हुलकावणी देते.

साचा पूर्ण तापल्यावर तेलाचा हात फिरवून पीठ ओतावे आणि वाफ बाहेर येणे मंदावेपर्यंत, साधारण सहा-सात मिनिटे, झाकण उघडू नये. घाईने उघडले की वॉफल मधोमध दुभंगते. काढल्यावर जाळीवर ठेवावे, एकावर एक रचू नये. स्वतःच्याच वाफेने ती मऊ पडतात. गूळ पातळ करून, शेंगदाण्याचे लोणी लावून किंवा पिकल्या केळ्याबरोबर द्यावे. गार झालेली वॉफल डब्यात घालून फ्रीजरमध्ये महिनाभर राहतात. वाढदिवसाच्या दिवशी दोन काढून कोरड्या तव्यावर गरम करावीत आणि वेगळ्या डब्यात घालून मुलीबरोबर द्यावीत. घरच्या पाव भाजण्याच्या टोस्टरमध्ये मात्र नाही; त्याच्या तळाशी पावाचा चुरा साठलेला असतो.